पंच्यातून गाळलेली सस्क्वेहाना

बाबांना अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनला आमच्याकडे येऊन दोन महिने झाले होते आणि तोवर आमच्या घरातला एकूण एक गळका नळ दुरुस्त झाला होता. आता पुढे काय, हा प्रश्न होता. बाबांनी एकतीस वर्षं नगरपालिकेच्या फिल्टर हाउसमध्ये काढली. नदीचं पाणी घ्यायचं, स्वच्छ करायचं, गावाला सोडायचं. असा माणूस इथे सोफ्यावर बसून शेजाऱ्यांच्या येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत होता. मी घरूनच काम करते. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि ते लिहिणाऱ्यांचे शिव्याशाप खाते. दिवसभर कानाला हेडफोन. सुरुवातीला बाबा जिन्यातून हाक मारायचे आणि मी 'कॉलवर आहे' म्हणून ओरडायचे. मग हाका बंद झाल्या. ते माझ्या लक्षात यायला चार दिवस लागले, आणि आलं तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.

नेमका तेव्हाच सायलीचा फोन आला. सायली माझ्या नवऱ्याची मामेबहीण. मूळची नागपूरची, आता पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला पीएचडी करते. "वहिनी, तुमच्या डेकवर ऊन किती वेळ असतं?" हा तिचा पहिला प्रश्न. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही.

प्रकरण असं होतं. नद्यांच्या पाण्यात हल्ली प्लास्टिकचे बारीक बारीक तुकडे असतात, बरेचसे डोळ्यांना दिसतही नाहीत. सायलीनं त्यांच्यासाठी काचेचे मणी तयार केलेत, साबुदाण्याएवढे, वर एका उत्प्रेरकाचा पिवळसर पातळ थर. त्या थरावर ऊन पडलं की तो प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्या तोडायला लागतो. उन्हात पडलेली प्लास्टिकची बादली काही वर्षांनी तडकते, तेच काम, पण घाईनं आणि शेवटपर्यंत. म्हणजे तशी अपेक्षा. लॅबमध्ये शुद्ध पाण्यात, दिव्याखाली हे छान चालत होतं. पण तिच्या गाइडनं स्पष्ट सांगितलं होतं की ऑक्टोबरच्या कमिटी मीटिंगला खऱ्या नदीचं पाणी आणि खऱ्या उन्हातला रिझल्ट घेऊन ये, नाहीतर हा विषय बंद करून दुसरा घेऊ. चार वर्षांचं काम होतं बिचारीचं. त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दुरुस्ती चाललेली, तिच्या अपार्टमेंटची एकुलती एक खिडकी उत्तरेला, आणि गाडी नाही. म्हणून आम्ही.

तिच्या गावचा ओढा पुढे सस्क्वेहाना नदीला मिळतो आणि ती नदी मेरीलँडमध्ये चेसापीक बे या खाडीला. ओढा, नदी आणि बे, तिन्ही ठिकाणचं पाणी भरत भरत खाली यायचं आणि बरण्या आमच्या घरामागच्या उघड्या लाकडी डेकवर उन्हात मांडायच्या, असा बेत ठरला. मी हो म्हटलं. सायलीवर उपकार वगैरे काही नाही, बाबांना घराबाहेर काढायचं होतं. नवऱ्याचं त्या शनिवार-रविवारी ऑफिसचं रिलीज होतं, तो सुटला.

शुक्रवारी दुपारी एकला निघालो. हर्नडनहून स्टेट कॉलेजला जाणाऱ्यांसाठी सांगते, मॅप कितीही भुलवू दे, रूट १५ धरा. टोल नाही आणि लीसबर्ग सोडलं की शेतं, लाल धान्यकोठारं, मग गेटिसबर्गच्या बाजूनं वर. हॅरिसबर्गनंतर ३२२ लागतो आणि जुनियाटा नदी बराच वेळ रस्त्याच्या बाजूबाजूनं चालते. सप्टेंबर संपत आला होता, डोंगरावर एखादंच झाड लाल झालं होतं. बाबा पुढच्या सीटवर ताठ बसून नदीची रुंदी, पात्रातले दगड, पुराच्या खुणा बघत होते. दोन महिन्यांत ते जेवढं बोलले नसतील तेवढं त्या तासाभरात बोलले.

आणखी एक टीप: हॉटेल बुक करण्याआधी युनिव्हर्सिटीच्या फुटबॉलचं वेळापत्रक बघा. मॅच असली की त्या गावात रूमचे दर ऐकून चक्कर येते. आम्ही सायलीकडेच उतरलो. चार मुली, दोन बेडरूम, एक प्रेशर कुकर. इंडियन ग्रोसरी नावालाच, त्यामुळे मी नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर त्या तुटून पडल्या. जेवणं झाल्यावर सायलीनं तीन कुडते काढले, आम्हा तिघांना एकेक. सुती आणि भगभगीत नारिंगी. फ्लीस, जॅकेट, लेगिंग्ज सगळं बंद, कारण त्यांचे धागे म्हणजे प्लास्टिकच, ते गळून पाण्यात पडतात. आणि रंग नारिंगी अशासाठी की पाण्यात नारिंगी धागा सापडला तर तो नदीचा नव्हे, आपला. मला ही युक्ती फार आवडली. बाबांनी कुडत्याचं कापड बोटांत चोळून बघितलं आणि पास केलं.

शनिवारी सकाळी शेजारच्या बेलफोंट गावी त्या ओढ्यावर गेलो. इतकं नितळ पाणी की तळाचे खडे मोजावेत, आणि ट्राउट मासे निवांत उभे. सायलीनं दोरी बांधलेलं स्टीलचं भांडं सोडून दोन काचेच्या बरण्या भरल्या. आम्ही तिघं नारिंगी कुडत्यांत ओळीनं उभे. मासे धरायला आलेल्या एका आजोबांनी गंभीरपणे विचारलं की हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू झाला का, कारण इकडे शिकारी असाच रंग घालतात. मी म्हटलं नाही, आम्ही प्लास्टिकच्या शिकारीला आलोय. ते म्हणाले, मग तुम्हाला परमिट लागणार नाही, भरपूर आहे.

बाबांनी सायलीला बरंच काही विचारायला सुरुवात केली होती, पण तिचं लक्ष चिठ्ठ्या चिकटवण्यात. मीच मध्ये पडले आणि म्हटलं, बाबा, तिला काम करू दे, तुम्ही फिरायला आलाय ना, फिरा. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा घोळ त्यातूनच झाला.

हॅरिसबर्गला पोचेपर्यंत दुपार. सिटी आयलंड नावाचं नदीतलं बेट आहे, तिथे गाडी लावून पायी पुलावर जाता येतं. सस्क्वेहाना तिथे अफाट रुंद आहे, पण गुडघाभर खोल वाटावी अशी. आदल्या आठवड्यात वरच्या अंगाला पाऊस झाला होता, त्यामुळे पाणी चहासारखं झालेलं. सायलीनं दोन बरण्या भरल्या, उजेडात धरल्या आणि तिचा चेहरा उतरला.

तिथून लँकेस्टरमार्गे खाली आलो. हा रस्ता मुद्दाम घ्याच. मोटार न वापरणाऱ्या आमिश लोकांच्या घोडागाड्या, दोरीवर वाळत घातलेले निळे-काळे कपडे, आणि रस्त्याकडेला टेबलावर भोपळे अन् जॅमच्या बाटल्या, शेजारी पैसे टाकायचा डबा. दुकानदार कुठेच नाही. आम्ही ॲपल बटर, म्हणजे सफरचंदाचा आटवलेला गर, असं काहीसं घेतलं, पोळीला लावून खाल्लं, उत्तम लागतं. पुढे कोनोविंगो धरण लागलं. रस्ता धरणावरूनच जातो आणि खाली पायथ्याशी लोक भलेमोठे कॅमेरे घेऊन गरुडांची वाट बघत बसलेले. बाबांनी गरुडांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते दरवाजे मोजत होते.

आव्र द ग्रास हे गाव नदी जिथे बेला मिळते तिथेच आहे. नाव फ्रेंच, पण स्थानिक लोक त्याचा उच्चार बिनधास्त 'हॅवर डी ग्रेस' करतात, तुम्हीही करा. पाण्याच्या कडेनं लाकडी फूटपाथ, टोकाला छोटंसं पांढरं दीपगृह, आणि खेकड्यांचा वास. संध्याकाळी शेवटच्या दोन बरण्या भरल्या. मी क्रॅब केक खाल्ला, बाबांनी फ्रेंच फ्राइज. मोटेल शंभर-सव्वाशे डॉलरमध्ये मिळालं. गाडीत गरम होतील म्हणून सायलीनं सहाही बरण्या खोलीत आणून टेबलावर ठेवल्या. हॅरिसबर्गची बरणी हातात घेऊन ती बराच वेळ बसली होती. "एवढ्या गढूळ पाण्यात माझे मणी काय करणार आहेत काय माहीत," असं म्हणाली, मला म्हणाली की स्वतःशीच, कोण जाणे. बाबा पलंगावर बसून ऐकत होते.

रविवारी सकाळी मला जाग आली तेव्हा बाबांची आंघोळ झाली होती. खिडकीपाशी हॅरिसबर्गच्या दोन्ही बरण्या उभ्या, आणि पाणी जवळजवळ लिंबाच्या सरबताइतकं फिकं. मोटेलच्या कॉफीमेकरचं काचेचं भांडं शेजारी पालथं घातलेलं. बाबांच्या चेहऱ्यावर मी कित्येक दिवसांत न पाहिलेला आनंद होता. सायली उठून बसताच ते म्हणाले, "आता घाल तुझे मणी. रात्रभर गाळ बसला होता, वरचं पाणी चारपदरी पंच्यातून दोनदा गाळलंय."

सायलीनं बरणीकडे पाहिलं, मग टॉवेलच्या दांडीवर पसरलेल्या पंच्याकडे. चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या मला कळायला दोन-तीन सेकंद लागले. तिला लागलीच कळलं.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "जे पंच्यावर राहिलं ना, मला तेच हवं होतं."

 आयुष्यभर बाबांनी पाण्यातून जे काही काढून टाकलं, त्याला घाण म्हणतात. ती कुणाला हवी असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. मग ते म्हणाले, "माझी चूक झाली," तेही उभं राहून, साहेबासमोर म्हणावं तसं. माझ्या बाबांना मी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला भडभडून आलं आणि ते लपवायला मी सायलीवरच उखडले, की तू आधी नीट समजावून सांगायला नको होतंस का. ती म्हणाली, वहिनी, ते विचारत होते तेव्हा तुम्हीच त्यांना थांबवलं. आणि ते खरंच होतं. 

सायली बाथरूममध्ये जाऊन रडली, नळ सोडून, पण ऐकू आलंच. मीटिंगला जेमतेम चार आठवडे उरलेले आणि मुख्य नदीचं सॅम्पल गेलं. ओढ्याचं पाणी फारच स्वच्छ, बेच्या पाण्यात भरती-ओहोटीची सरमिसळ. सगळी मदार हॅरिसबर्गच्या बरण्यांवर होती. पाच-दहा मिनिटांनी ती तोंड धुऊन बाहेर आली, हातात पंचा होता. तिनं विचारलं की काका, हा धुतला नाही ना. नाही, बाबा म्हणाले, वाळल्यावर झटकणार होतो. तिनं तो अलगद घडी घालून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळला.

मग मी पहिल्यांदा कामाची गोष्ट बोलले. हॅरिसबर्ग तिथून दीड तासावर होतं आणि तिथून घर दोन-सव्वादोन. सरळ घरी जाण्यापेक्षा दोन तास जास्त, एवढंच. चला परत.

बाबा नाश्त्याला आले नाहीत. गाडीत ते आपणहून मागे बसले.  पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा सायली पुढची सीट सोडून मागे त्यांच्याशेजारी जाऊन बसली, आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागली. मणी काय, ऊन काय, साखळ्या कशा तुटतात. बाबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, की गढूळ पाण्यात ऊन शिरणार कसं?

तीच तर भीती आहे, सायली म्हणाली. माती उजेड अडवते, आणि मण्यांवर जे काही तयार होतं ते प्लास्टिकपर्यंत पोचायच्या आत पाण्यातला पालापाचोळाच खाऊन टाकतो.

बाबा म्हणाले की आमच्याकडे क्लोरीनचं अगदी हेच होतं. नदीचं पाणी आलं की पहिल्यांदा तुरटी, मग गाळ बसू द्यायचा, मग वाळूचा फिल्टर, आणि क्लोरीन सगळ्यात शेवटी. नवा माणूस कामावर आला की हटकून विचारतो, पहिल्यांदाच का नाही टाकत. एकदा टाकून दाखवायचं. सगळं क्लोरीन गाळच खातो, पाण्याला काही उरत नाही.

आरशात मला सायली दिसत होती. ती खिडकीबाहेर बघत होती. मग तिनं वही काढली. "मी अख्खं फिल्टर हाउस एका मण्यावर टाकून राहिले होते," ती म्हणाली. तिचं नागपूर असं मधूनच वर येतं. आधी जाळीवर सगळं धरायचं, ते थोड्याशा स्वच्छ पाण्यात घ्यायचं, आणि मग मणी आणि ऊन. याबद्दल आपण वाचलंय, ती म्हणत होती, पण ते दुसऱ्या कुणाचं काम असं धरून चाललो होतो. पुढचा रस्ताभर दोघं तुरटी आणि वाळूवर बोलत होते आणि मला गाणं लावायची परवानगी नव्हती. मला काही हरकत नव्हती.

हॅरिसबर्गला या वेळी बाबा पाण्यात उतरले. पँट गुडघ्यापर्यंत वर, नारिंगी कुडता, हातात बरणी. बरणीचं तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला, पृष्ठभागाच्या जरा खाली, तळ न ढवळता. सायली काठावरून बघत होती. तिला काही सांगावं लागलं नाही. घरी जाताना गेटिसबर्गला पिझ्झा खाल्ला, बाबांनी चार तुकडे संपवले, सकाळचा उपास होता ना.

घरी पोचल्यावर डेकवर बरण्या मांडल्या. ठरलेल्या सहा, आणि सातवी पंच्याची. सायलीनं तो स्वच्छ पाण्यात विसळून, पंच्यावर अडकलेलं सगळं त्यात उतरवलं होतं. सॅम्पल म्हणून ती धरता येणार नव्हती, त्यामुळे चिठ्ठीवर नंबर नाही, नुसतं 'काका'. प्रत्येकीत मणी घातले, वर काचेचं झाकण. सायली बसनं परत गेली आणि बारा दिवसांचा ताबा बाबांकडे आला. त्यांनी माझ्याकडून एक वही मागून घेतली. सकाळी ऊन किती वाजता आलं, ढग किती वेळ, बरण्या कधी हलवल्या, सगळं मराठीत, सुवाच्य अक्षरात. जिन्यातून हाका पुन्हा सुरू झाल्या, की वैशू, खाली ये, बेच्या पाण्यातला गाळ बघ किती खाली बसलाय. मी हेडफोन काढून जात होते. प्रत्येक वेळी नाही, खोटं कशाला बोलू, पण जात होते.

तेराव्या दिवशी सायली तिच्या मैत्रिणीच्या गाडीतून बरण्या न्यायला आली. बाबांनी तिला वही दिली आणि डेकवर उभ्या उभ्या विचारलं, "प्लास्टिक तुटलं असं धरू. मग त्याचं पाण्यात काय उतरतं? ते पिता येतं का?"

सायली जरा चिडलीच. तो वेगळा विषय आहे काका, आत्ता तुटतंय का एवढंच बघू द्या. बाबा 'बरं' म्हणाले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि मला तेव्हा वाटलं, झालं, पुन्हा नको तिथे बोलले.

रिझल्ट आठवड्याभरात आले. हॅरिसबर्गच्या गढूळ बरण्यांत काहीच झालं नव्हतं. बेच्या बरण्यांत नसल्यासारखंच. ओढ्याच्या पाण्यात तपासायला पुरेसे तुकडेच मिळाले नाहीत. आणि 'काका' बरणीतल्या तुकड्यांना मायक्रोस्कोपखाली भेगा होत्या, कडा खाल्लेल्या. सायलीनं मग लॅबमध्ये स्टीलची बारीक जाळी लावून त्याच गढूळ बरण्यांतल्या पाण्यावर तेच रीतसर करून पाहिलं, दिव्याखाली, आणि तसंच दिसलं. सगळं गेलं असं नाही, पण सुरुवात होती. मीटिंगच्या आदल्या दिवशी ती मला विचारत होती की गढूळ बरण्यांचं अपयश किती पुढे ठेवू. मी म्हटलं, मी असते तर पहिल्याच स्लाइडवर ठेवलं असतं. माझा धंदाच तो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मी उचलला, तर वहिनी, काकांना द्या. बाबांनी उभं राहून फोन घेतला. मी स्पीकर लावला, मला कुठला धीर.

विषय बंद झाला नव्हता. कमिटीनं सहा महिने दिले होते, जाळी आणि मणी दोन्ही मिळून पुन्हा करायला. पण त्याआधी, सायली म्हणाली, सगळ्यात कडक बाईंनी पहिलाच प्रश्न तुमचा विचारला. तुकडे तुटल्यावर पाण्यात काय राहतं, आणि ते कुणाला प्यायला द्याल का.

"मग तू काय सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

"सांगितलं की माहीत नाही. आणि ते कळल्याशिवाय देणार नाही."

 बाबा 'शाब्बास' म्हणाले, तब्येत सांभाळ म्हणाले, फोन माझ्या हातात दिला आणि डेकच्या दाराकडे वळले. डेक आता रिकामं होतं. परत वळून मला म्हणाले, "पोरगी खरं बोलते. पाण्याच्या कामावर अशी माणसं पाहिजेत."

त्यांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत मी हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणाबद्दलही ऐकलेलं नाही. माझ्याबद्दल तर नाहीच. थोडं लागलं मला, खरं सांगते. मग मी लॅपटॉप बंद केला आणि त्यांना विचारलं की पहिल्यापासून सांगा, तुरटी किती टाकायची हे तुम्ही ठरवायचात कसं. ते खुर्ची ओढून बसले आणि त्या दिवशीचे माझे दोन कॉल राहिले ते राहिलेच.